पदक वाचायचे ते कडेवरून

पाटण तालुक्यातल्या एका तरुणाचा प्रश्न आला आहे. आजीच्या पेटीत, तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यात त्याला पणजोबांची दोन पदके सापडली. एक चार टोकांचा तारा, त्यावर एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन तलवारी आणि मधल्या पट्टीवर '१९१४-१५'. दुसरे गोल, त्यावर पंख पसरलेली स्त्री आणि विटलेली इंद्रधनुषी फीत. जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराने दोन्ही मिळून काही हजार देऊ केलेत. ही पदके हातात आल्यापासून त्याला जगभरची लष्करी पदके जमवावीशी वाटू लागली आहेत. सुरुवात कुठून करू, खरे-खोटे कसे ओळखू आणि ही दोन घासून लख्ख करू का, असे त्याने विचारले आहे.

दोन गोष्टी आधी सांगतो, कारण त्यांना उशीर झाला तर बाकीचे सगळे वाया जाईल. विकू नका. आणि घासू नका.

आता तारा उलटा करा. मागची बाजू सपाट आहे. तिच्यावर इंग्रजीत ठोकलेल्या बारीक अक्षरांच्या ओळी दिसतील: नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. गोल पदकावर हाच मजकूर कडेच्या जाडीवर असतो. पदक दोन बोटांत धरून खिडकीच्या तिरप्या उजेडात हळूहळू फिरवले की अक्षरे उमटत जातात. तीस-बत्तीस वर्षे मी हा नाद करतो आहे. अजूनही कोणी हातात पदक दिले की राजाचा मुखवटा मी नंतर पाहतो, आधी कडा फिरवतो. राजाचा मुखवटा लाखो पदकांवर तोच असतो. कडेवरचा माणूस मात्र एकच असतो.

ही पद्धत नेहमीची नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या हिंदी शिपायांना दख्खनच्या मोहिमेची पदके दिली, पण ती बिननावाची होती. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर ब्रिटिश सरकारने सगळ्या हुद्द्यांना सारखेच चांदीचे पदक दिले आणि प्रत्येकाच्या कडेवर त्याचे नाव ठोकले. तिथून हा पायंडा पडला. तुमच्या पणजोबांसारख्या शिपायाच्या दृष्टीने त्याचे मोल किती, हे समजायला बसऱ्याचे स्मारक आठवावे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, पडलेल्यांसाठी ते उभारले गेले. त्याच्या भिंतींवर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली. साध्या हिंदी शिपायांची नावे मात्र नाहीत, पलटणीगणिक फक्त संख्या आहे. भिंतीवर जो माणूस आकड्यात गेला, त्याचे पूर्ण नाव त्याच सरकारने त्याच्या पदकाच्या कडेवर ठोकून घरी पाठवले होते. म्हणून कडेवरचे ते बोटभर लिखाण माझ्या लेखी चांदीपेक्षा मोठे आहे.

तुमच्या ताऱ्यावर पलटणीचे नाव बहुधा 'महरट्टा' असे वाचता येईल. तेव्हा इंग्रजीत 'एच' घालूनच लिहीत. आधी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ असा आकडा असेल, कारण त्या काळी मराठ्यांच्या पलटणी अशा आकड्यांनी ओळखल्या जात. १९२२ च्या फेररचनेत त्या एका रेजिमेंटखाली आल्या आणि तीच आजची मराठा लाइट इन्फंट्री. आकडा १०३, ११० किंवा ११७ निघाला तर पुढचे जरा बसून वाचा. या तिन्ही पलटणी जनरल टाउनशेंडच्या सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियातल्या कूत-अल-अमारा या गावात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून वेढा पडला. अन्न संपले, घोडे-खेचरे कापून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसे तुर्कांच्या हाती लागली. त्यातली कितीतरी वाळवंटातल्या पायपिटीत आणि कैदेत मेली. कूतच्या वेढ्यातल्या माणसाच्या आणि बंदरात गोदामावर पहारा केलेल्या माणसाच्या ताऱ्यात दिसायला काही फरक नसतो. फरक कळतो तो पलटणीवरून आणि कागदपत्रांवरून.

नाव तुम्हाला ओळखीचे वाटले नाही तरी घाबरू नका. कारकुनाने कानावर पडले तसे लिहिले आहे. आडनाव कधी असते, कधी गाळलेले असते, कधी बापाचे नावच आडनाव झालेले असते. 'सेपॉय', 'नाईक', 'हवालदार', 'जमादार' हे हुद्दे तुम्हाला कळतील. याशिवाय 'भिस्ती', 'कुक', 'स्वीपर', 'ड्रायव्हर', 'फॉलोअर' असेही येते. ड्रायव्हर म्हणजे बहुतेक वेळा खेचरे हाकणारा. बाजारात अशा पदकांना भाव कमी मिळतो. मी ती मुद्दाम घेतो. गोळीबारात पाण्याची पखाल पाठीवर घेऊन गेलेल्या माणसाचा कागदोपत्री पुरावा पुष्कळदा तेवढाच असतो.

तुमच्या डब्यात आणखी एक पदक होते, हे मी न बघता सांगू शकतो. ज्याला १९१४-१५ चा तारा मिळाला, त्याला पुढे ब्रिटिश वॉर मेडल आणि इंद्रधनुषी फितीचे व्हिक्टरी मेडल ही दोन्ही मिळत. तुमच्याकडे तारा आहे, व्हिक्टरी आहे, मधले नाही. ते ३६ मिलिमीटर व्यासाचे, चांगल्या चांदीचे होते. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला शत्रूची ढाल टापांखाली तुडवणारा घोडेस्वार. तारा आणि व्हिक्टरी काशाची, वितळवून काही मिळायचे नाही, म्हणून ती उरली. चांदीचे पदक दुष्काळात, लग्नात, आजारपणात सोनाराकडे गेले. १९८० च्या जानेवारीत जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हा इंग्लंडमध्येसुद्धा ही पदके पोत्यांनी भट्टीत गेली. संग्राहकांच्या बोलीत अशा संचाला 'मोडलेला' म्हणतात. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून जे हाती लागते ते बहुतेक मोडलेलेच असते. त्यात कमीपणा नाही. घरच्यांनी पोरांच्या तोंडात घास घालायला ती चांदी वापरली असेल, तर पणजोबांची नोकरी दुसऱ्यांदा कामी आली असे मी समजतो. एक अपवाद लक्षात ठेवा: मजूर पलटणींतल्या माणसांना हेच पदक चांदीऐवजी काशाचे दिले गेले. चिनी, माल्टी आणि हिंदी मजुरांना मिळून अशी साधारण १,१०,००० दिली असावीत. काशाचे वॉर मेडल दिसले की नकली म्हणून टाकून देऊ नका.

आता कागद. डब्याखाली, पेटीच्या तळाशी, देव्हाऱ्यामागे काही पिवळा कागद आहे का, हे आजच बघा. डिस्चार्जचा दाखला, पेन्शनचे पुस्तक, फोटो, काहीही. नवखा असताना मी पुण्याच्या जुन्या बाजारात एका फेरीवाल्याकडून एकाच माणसाची दोन पदके घेतली. त्यांच्याखाली घडी घातलेला एक सरकारी कागद होता. तो म्हणाला, कागदाचे वेगळे पैसे होतील. मी हट्टाने नको म्हटले. घरी येऊन कडा वाचल्यावर चूक कळली. बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मी पुढच्याच वाराला धावलो, तोवर कागद रद्दीत गेला होता. त्या माणसाचे गाव मला आजतागायत कळलेले नाही, कारण पदकावर गाव नसते. ते गाव त्या कागदावर होते.

गावावरून शोध घ्यायची आणखी एक सोय आपल्याकडे आहे. साताऱ्यात, कोकणात, बऱ्याच गावांच्या चावडीवर, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीवर संगमरवरी फरशी बसवलेली असते: या गावातून अमुक माणसे १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, पैकी अमुक जणांनी प्राण दिले. त्यावर नावे नसतात, पण आकड्यावरून वयस्कर मंडळींशी बोलणे सुरू होते. पणजोबांनी युद्धात प्राण दिले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी नेटवर फुकट पाहता येते. भिंतीवर न कोरलेली शिपायांची नावेही तिच्यात मोठ्या संख्येने आहेत, आणि बऱ्याचदा बापाचे नाव व गावही दिलेले असते. जे मारले गेले त्यांच्या घरी बशीएवढी, साधारण १२ सेंटिमीटरची काशाची तबकडी आली. तिच्यावर ब्रिटनचे प्रतीक असलेली देवी ब्रिटानिया, सिंह आणि मृताचे नाव, हुद्द्याशिवाय. जनरल असो की शिपाई, तबकडी सारखी. अशी तबकडी मी एका घरात पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून पाहिली आहे. ती मागितली नाही. काय आहे ते समजावून सांगितले, आणि नंतर तिला चौकट करून भिंतीवर लावल्याचे ऐकले.

जगभरची पदके जमवायची म्हणालात. 'जगभर' हा शब्द सुरुवातीला फार मोठा आहे. सगळ्या देशांचे एकेक पदक असा संकल्प केलेत तर दोन वर्षांत तुमच्याकडे रंगीत फितींचे खोके असेल आणि एकाचीही गोष्ट सांगता येणार नाही. एक धागा धरा. तो तुमच्या डब्यातच आहे: इंद्रधनुषी फीत.

युद्ध संपल्यावर दोस्त सैन्यांचे फ्रेंच सरसेनापती मार्शल फॉश यांच्या सूचनेवरून दोस्त राष्ट्रांनी ठरवले की विजयाचे पदक प्रत्येक देशाने आपापले पाडावे, पण फीत सर्वांची एक आणि चित्र शक्यतो पंखधारी विजयदेवीचे. दक्षिण आफ्रिका वेगळी धरली तर अशी १४ देशांची पदके होतात. फ्रान्स, बेल्जियम, इटली, अमेरिका, ब्रिटन ही सहज आणि परवडणाऱ्या किमतीत मिळतात. दक्षिण आफ्रिकेच्या पदकावर मागचा मजकूर इंग्रजी आणि डच अशा दोन भाषांत आहे. जपानला पंखवाली युरोपीय देवी परकी वाटली, म्हणून त्यांनी आपला युद्धदेव ताकेमिकाझुची उभा केला. आणि सयाम, म्हणजे आजचे थायलंड, त्यांनी पदकावर कोण आणले असेल? नारायण. आपला विष्णू. फ्रान्सला थोडेसे सैन्य पाठवलेल्या त्या बौद्ध राज्याने पहिल्या महायुद्धाच्या विजयपदकावर विष्णू घडवला, हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा मी रात्रभर तेच डोळ्यांपुढे आणत होतो. खरे सयामी पदक दुर्मीळ आहे. ब्राझीलचेही तसेच. त्या दोघांच्या नकला बाजारात फिरतात. स्वस्तात सयाम मिळाले तर ते सयाम नाही, एवढे पक्के समजा. बाकीची दहा-बारा जमवायला काही वर्षे जातील, आणि तेवढ्यात तुम्हाला ठसा, धातू, कडी, फीत हे सगळे बोटांना कळू लागेल.

दुसरा सोपा धागा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा. बहुतेक मोहिमांना पदक एकच, मागे 'शांततेच्या सेवेत' अशा अर्थाची इंग्रजी ओळ, आणि मोहीम ओळखायची ती फितीच्या रंगांवरून. भारतीय पलटणी काँगोपासून लेबनॉनपर्यंत गेल्या आहेत, त्यामुळे ही पदके निवृत्त सैनिकांच्या घरी भेटतात. घ्यायची नसली तरी बघा, आणि सांगणाऱ्याचे ऐका.

तिसरा, माझा लाडका: १९४७ चे भारतीय स्वातंत्र्य पदक. एका बाजूला अशोकचक्र आणि त्याच्या डोक्यावर ब्रिटिश मुकुट, भोवती सहाव्या जॉर्जचे नाव. दुसऱ्या बाजूला अशोकाचे सिंह आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. फीत केशरी, पांढरी, हिरवी. प्रजासत्ताक होण्याआधीची ती अडीच वर्षे दुसऱ्या कुठल्याच वस्तूवर इतकी उघड दिसत नाहीत. किंमतही फार नसते.

सोव्हिएत पदकांकडे वळलात तर 'जर्मनीवरील विजय' हे स्टालिनच्या चेहऱ्याचे पदक जवळपास दीड कोटी लोकांना दिलेले आहे. ते सहज मिळते, पण बिननावाचे असते. 'रेड स्टार'सारख्या सन्मानावर मागे क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकावरून माणूस सापडू शकतो. रशियाने दुसऱ्या महायुद्धातल्या सन्मानांची शिफारसपत्रे नेटवर खुली केली आहेत. कोणी कोणत्या नदीकाठी काय केले, ते हाताने लिहिलेले वाचता येते. मात्र रशियात सरकारी सन्मान विकणे-घेणे हा गुन्हा आहे, तिथून थेट मागवू नका. अमेरिकेतही मेडल ऑफ ऑनरच्या खरेदी-विक्रीला कायद्याने बंदी आहे.

जर्मनीच्या आयर्न क्रॉसचे आकर्षण सगळ्या नवख्यांना असते. तूर्त त्या वाटेला जाऊ नका. खऱ्याचा गाभा लोखंडाचा आणि भोवती चांदीची चौकट असते, म्हणून लोक चुंबक लावून निश्चिंत होतात. नकली करणाऱ्यालाही लोखंड मिळतेच. चौकटीची जोडणी, मण्यांची कड, काळ्या रंगाची जुनी झाक हे पाहायला आधी शंभर खरे हाताखालून जावे लागतात.

खोटेपणा ओळखायची मूळ गोष्ट एकच: टाकसाळीतले पदक ठशाने दाबून काढलेले असते, घरगुती नक्कल साच्यात ओतलेली असते. ओतीव धातू थंड होताना आक्रसतो, म्हणून नक्कल किंचित लहान भरते. केस, डोळे, अक्षरांची टोके बोथट होतात, पृष्ठभागावर भिंगातून बारीक फोड दिसतात, कडेला घासलेला जोड असतो. सोनाराकडची छोटी वजनकाटी आणि एक व्हर्निअर कॅलिपर एवढे घ्या. कॅलिपरचा दुसराही उपयोग आहे. खऱ्या पदकावरचे सामान्य नाव घासून त्या जागी मोठ्या लढाईतल्या माणसाचे नाव ठोकण्याचा उद्योग फार जुना आहे. घासल्याने व्यास कमी होतो. तीन-चार ठिकाणी मापून पाहा. ३६ च्या जागी एका बाजूने ३५.७ आले तर हात आखडता घ्या. दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्यांबाबत एक बारकावा आपल्याला उपयोगी आहे: ब्रिटिश सैनिकांना ते बिननावाचे दिले गेले, पण हिंदी सैनिकांच्या ताऱ्यांवर नाव ठोकलेले असते. इटली स्टारच्या मागे मराठा पलटण वाचली की यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव ज्या आघाडीवर व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले, त्याच आघाडीवरचा एखादा सोबती हातात आला असे समजा.

एका पदकाबद्दल मात्र मन घट्ट करून बोलतो. १८०३ ते १८२६ या काळातल्या लढायांसाठी 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' १८५१ मध्ये मंजूर झाले. त्याच्या फितीवर लढाईच्या नावाच्या चांदीच्या पट्ट्या लागतात. एकूण २१. त्या वाचत जा: असई, अरगाव, गाविलगड, अशीरगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. मराठेशाही कशी बुडाली त्याची ती गावागणिक यादी आहे, आणि ती जिंकणाऱ्यांच्या छातीवर लावायला पाडली होती. असईची लढाई १८०३ ची, पदक ४८ वर्षांनी. तोवर जो जिवंत होता आणि ज्याने अर्ज केला त्यालाच ते मिळाले. हिंदी शिपायाच्या नावाचे पदक त्यामुळे फार कमी दिसते. हे जमवावे का, असे मला विचारतात. मी म्हणतो, जमवावे. खडकीच्या पट्टीकडे एक घर एका नजरेने पाहील, कोरेगावच्या पट्टीकडे दुसरे घर वेगळ्या अभिमानाने पाहील. दोन्ही नजरा खऱ्या आहेत, आणि दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे बहुतांशी याच मातीतली होती. फक्त घेताना डोळ्यांत तेल घाला. दुर्मीळ पट्ट्या मागाहून जोडलेल्या असतात, आणि कडेवरच्या माणसाची पलटण त्या लढाईत होती की नाही, हे पदक कोणाकोणाला दिले त्या सरकारी यादीशी ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

कायद्याचे एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांवरच्या वस्तू पुरावस्तू ठरू शकतात, आणि त्या खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवणे गुन्हा आहे. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयात आली. परदेशातला ग्राहक कितीही भाव देवो, टपालात टाकू नका.

घासण्याबद्दल. चिंच, राख, लिंबू, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट, काही म्हणजे काही लावायचे नाही. शंभर वर्षांत धातूवर जी तपकिरी साय धरली आहे ती त्याची कातडी आहे. घासलेल्या पदकाची नावाची अक्षरेच आधी झिजतात. मऊ सुती कापडाने धूळ टिपा, बस. पदके मऊ पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत हिरवा चिकट थर येतो. रबरबँडने चांदी काळी पडते. वर्तमानपत्राचा कागद नको, डांबराच्या गोळ्या शेजारी नकोत. धुतलेले, पूर्ण सुकवलेले मलमल आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. पाटणच्या पावसाळ्यात त्या पुड्या दर महिन्याला बदला. फीत फाटली असली तरी तीच राहू द्या, धुऊ नका.

या आठवड्यात एवढे करा. ताऱ्याच्या मागचे आणि व्हिक्टरीच्या कडेचे फोटो तिरप्या उजेडात काढा, मजकूर अक्षर न बदलता वहीत उतरवा. मग आजींजवळ बसा आणि चांदीचे मेडल कधी, कोणत्या वर्षी, कोणत्या गावच्या सोनाराकडे गेले ते विचारा. सगळीच वितळली नाहीत. काही सोनारांनी राजाचा शिक्का म्हणून तशीच ठेवली आणि ती पुढे बाजारात आली. तिसऱ्या पदकाच्या कडेवर तोच नंबर, तेच नाव, तीच पलटण असेल. तो नंबर मलाही कळवा. ब्रिटिश वॉर मेडल जिथे दिसेल तिथे मी कडा फिरवून बघतोच, आता तुमच्या पणजोबांसाठीही बघेन.